पोटातला गुडघा

माझ्या सुनेचं, सुमेधाचं, पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालेलं. या खेपेला बाळाची वार जुन्या टाक्यांत रुतली असेल तर रक्त थांबणार नाही, म्हणून एमआरआय काढला. आमच्या गावातल्या दामले डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली नि म्हणाले, "वार सुटी आहे. गावातच होऊ द्या."

मी म्हटलं, "मिरजेच्या मुजावर डॉक्टरबाईंना दाखवू या. त्या रोज वारच बघतात."

"आजी, वीस वर्षं एमआरआय वाचतोय मी!"

"ठाऊक आहे. माझे दोन्ही गुडघे तुम्हीच वाचलेत, अगदी बिनचूक. पण सुमेधाच्या पोटात गुडघा नाही."

डॉक्टर लाल झाले, मग हसले. फिल्म त्यांनीच मिरजेला पाठवली. वार रुतलेलीच निघाली. तिथं रक्ताची तयारी ठेवून बाळंतपण झालं, मायलेकी सुखरूप.

बारशाला डॉक्टर आले. "आजी, आमच्याकडे काही काम उरलं का?"

"उरलं की! जिना चढवत नाही हो. गुडघे अजून तुमच्याकडेच."