दोन बोटे मोकळी जागा

एकदा एका बायझंटिन सम्राटाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि त्याला सहसम्राट केले. मुकुट कानांवर घसरत होता. दरबार कौतुकाने हसला.

लाल शाईने सही करण्याचा अधिकार फक्त सम्राटांचा. मुलाचे काम तेवढेच. आज्ञापत्र समोर यायचे ते रेशमी वस्त्राने झाकून; खाली सहीपुरती दोन बोटे जागा मोकळी. वस्त्र उचलणे म्हणजे वडीलधाऱ्यांवर अविश्वास, हे त्याला एका वृद्ध गुरूंनी शिकवले. ज्ञानी म्हणून त्यांची मोठी ख्याती. वर काय लिहिले आहे, असे मुलाने एकदा विचारले. ते मोठ्यांनी वाचलेले असते, असे गुरू म्हणाले. पोराने विश्वास ठेवला. पोरे ठेवतात.

सतरावे वर्ष लागले आणि बाप वारला. राज्य त्याचे, कारभार काकाच्या हाती. महिन्याभरात गुरू स्वतः एक आज्ञापत्र घेऊन आले. त्याने सवयीने सही केली. शाई वाळली, तसे गुरूंनी कधी नव्हे ते वस्त्र बाजूला केले.

त्याने वाचले. सम्राटाचे डोळे काढावेत, अशी आज्ञा होती. आंधळ्याला सिंहासनावर बसता येत नाही, हा तिथला नियम. आणि सम्राटाच्या अंगाला हात लावायचा तर सम्राटाचीच सही लागते, हाही.

"गुरुजी, हे सहीच्या आधी का नाही काढलंत?"

"आधी काढलं असतं तर आपण सही केली नसती." गुरूंनी मान खाली घातली. "आपल्या काकांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. बारा वर्षं आपल्याला मुकाट ऐकायला शिकवलं, कारण ते आम्हा सगळ्यांच्या सोयीचं होतं. त्यालाच मी संस्कार म्हणत आलो. निदान एक कागद तरी आपण वाचलेला असावा, एवढंच वाटलं."

"म्हणजे तुमचं मन हलकं व्हावं म्हणून."

गुरूंनी वस्त्राची घडी घातली.

आज्ञा बजावायला दाराबाहेर माणसे थांबली होती. तरुणाने सुटकेचे काही विचारले नाही. डोळे काढण्याची अशी आणखी किती पत्रे निघाली, ती सगळी आणा म्हणाला. अकरा निघाली. प्रत्येकाखाली त्याची सही. पहिली तर गिरवल्यासारखी, वेडीवाकडी. चौथे नाव निकेफोरोसचे होते. त्याने याला घोड्यावर बसायला शिकवले होते. तो मठात गेला, असे सर्वांनी सांगितले होते.

तरुणाने अकराही नावे सावकाश, मोठ्याने वाचली. मग दार उघडायला सांगितले.

आपल्या नावावर काय चालले आहे हे विचारले की वडीलधारे दुखावतात. त्यांना दुखावू द्यावे.