पेलमसाहेबाची कच्ची नासपती

बंगल्याचं फाटक बंद असतं, पण आमच्या परसातल्या कुंपणावरून बघा, झाड नीट दिसतं. मी रोज बघते. वाघदऱ्याच्या पठारावर नासपतीचं हे एकच झाड. फळ तोडू नका हं. पाहुण्यांनी खाल्लं की आधी तोंड वाकडं होतं, मग पोट बिघडतं.

इंग्रजांच्या काळात हा बंगला पेलमसाहेबाचा होता. साहेबानं लग्न केलेलं नव्हतं. घर सांभाळायला धाकटी बहीण, एडिथबाई. भाऊ स्वतःहून जा म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नाही, असा शब्द आईनं मरताना तिच्याकडून घेतला होता म्हणे. आणि बाईचा जीव जडला बागेतल्या लुमाजी माळ्यावर! साहेबाच्या क्लबात आणि आमच्या पारावर एकदमच बोंब झाली, असं सांगतात.

साहेबानं दोघांना समोर उभं केलं. विलायतेहून जहाजानं आणवलेलं नासपतीचं रोप दाखवून म्हणाला, "याला इथल्या मातीत फळ दिसेल, त्या दिवशी जा."

लुमाजीनं खड्डा खणला, बाईनं पाणी घातलं. झाड वाढलं. दर वर्षी पांढरा फुलोरा यायचा, फळ मात्र दिसायचं नाही. आपल्या नशिबातच नाही, असं म्हणून बाई भावाचे मोजे विणत राहिली. लुमाजीनंही लग्न केलं नाही. त्याची आई ओरडायची, "मुडद्या, झाडाशीच लगीन लाव आता!"

एका सकाळी साहेब खोलीत दिसेना, म्हणून बाई शोधत बागेत आली. साहेब झाडाखाली बसलेला, अंगात झोपायचा सदरा, तोंडात हिरवीगार नासपती, डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं फळ धरलं की तो ते कच्चंच खाऊन टाकायचा. बहीण गेली तर एवढ्या मोठ्या घरात आपण एकटे, ही भीती.

बाई रागावली नाही म्हणे. झग्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दादा, पोट दुखत असेल ना रे?"

साहेब हुंदके देऊन रडला. मग म्हणाला, "जा."

बाई कुंपणातल्या एका खिंडारातून लुमाजीच्या घरी गेली. पण रोज चहाच्या वेळेला त्याच वाटेनं परत यायची. साहेब होता तोवर त्याचा चहा तिनंच केला.

तेव्हापासून हे फळ पिकत नाही, कितीही अढीत घाला. आजही आमच्याकडे पोरीनं मुलगा निवडला आणि बापाला तो नको असला, तर बापानं आधी या झाडाचं एक फळ खायचं, सालीसकट, पोरीसमोर बसून. संपवलं, तरच त्याचा नकार मानायचा.

माझ्या वडिलांनी दोन घास खाल्ले, उरलेलं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "कुठं राहतो गं तो?"