राजाच्या तांब्यातला साप

एका राज्यात पाण्याला तोटा नव्हता, तोटा होता तो विश्वासाला. तिथला राजा भद्रायुध इतका संशयी, की स्वतःची सावली पुढे पडली तरी विचारी, "ही माझ्याआधी कुठे निघाली?" राजवाड्याची रीत अशी होती, की राजाच्या तांब्यातला पहिला घोट चाखणाऱ्याने घ्यायचा. तो जिवंत राहिला, की मग राजाने प्यायचे.

एकदा कालजंघ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने राजापुढे तीर्थाची पळी धरली. राजा म्हणाला, "आधी चाखणाऱ्याला द्या." झाले! मांत्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राजा, यापुढे प्रत्येक पाण्यात तुला सापच दिसेल," असा शाप देऊन तो आपल्या डोंगरावर निघून गेला.

त्या क्षणापासून राजाला तांब्याच्या तळाशी काळा साप दिसू लागला. दुसऱ्या कुणालाच दिसेना. चाखणारा रुद्राप्पा घटाघटा प्यायला आणि ठणठणीत राहिला. राजा गरजला, "साप गिळूनही मेला नाही, म्हणजे हा कटातला!" बिचारा तुरुंगात गेला. त्याच्या जागी आलेलेही मेले नाहीत, तेही गेले. जगणे हाच गुन्हा ठरला, आता बोला! राजाने पाणी पिणे बंद केले. दुधाताकातही पाणी असतेच, म्हणून तेही बंद केले.

माणूस अन्नावाचून काही दिवस काढील, पाण्यावाचून कसा काढणार? राजाचे ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली, उठून उभे राहिले की भोवळ येऊ लागली. राजकन्या हेमकलेचा बापावर फार जीव. तिच्या पाळलेल्या साळुंकीला माणसासारखे बोलता येई. ती साळुंकी म्हणाली, "शाप ज्याचा, उपाय त्याच्यापाशी."

हेमकला डोंगर चढून गेली. कालजंघ म्हणाला, "शाप धुवायला राजाच्याच अंगचे तीन थेंब लागतील. आसवाचा, घामाचा आणि लाळेचा."

"करणी करायला तर नकोत ना?" तिने विचारले.

"बापाची लेक शोभतेस," मांत्रिक म्हणाला.

परत येऊन तिने राजाला त्याच्या वारलेल्या राणीची आठवण करून दिली. राजा हुंदके देऊ लागला, पण डोळे कोरडेच राहिले. मग तिने त्याला भर दुपारी गच्चीवर बसवले. अंग तव्यासारखे तापले, घामाचा टिपूस नाही. घामाने अंग निवते, तोच नाही म्हटल्यावर राजाला ताप भरला. शेवटी तिने त्याच्यापुढे चिंचगूळ धरला. पोरासोरांच्या तोंडाला नुसत्या नावाने पाणी सुटते, राजाच्या तोंडाला सुटले नाही.

"चिंचेत काय कालवले आहेस?" राजाने विचारले. "त्या मांत्रिकाला सामील झालीस?"

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? अन्नाचा रस होतो तो पाण्याने, रक्त अंगभर फिरते ते पाण्याने. आत घातलेच नाही, तर बाहेर काय येईल?"

हेमकलेने आपला पेला पालथा घातला. "बाबा, तुम्ही प्याल तेव्हाच मी पिईन."

"हीही एक चालच," राजा म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले.

ऊन तर नुसते भाजून काढत होते. मग एका दुपारी हेमकला त्याच्या पायांशीच कोसळली. डोळे खोल गेले होते, नाडी हाताला लागत नव्हती. राजा धडपडत उठला.

"पाणी पाजा तिला!" तो ओरडला.

कुणीही पुढे झाले नाही. ज्याने पाण्याला हात लावला तो तुरुंगात गेला, हे सगळ्यांनी पाहिले होते.

राजाने स्वतःच तांब्या उचलला. आत साप फणा काढून डोलत होता. हे पाणी लेकीच्या तोंडात कसे घालायचे?

"चाखणारा कुठे आहे?"

"तुरुंगात, महाराज. सगळेच."

राजाने क्षणभर लेकीकडे पाहिले. "डसायचे तर मला डस," असे म्हणून त्याने तांब्या आपल्या तोंडाला लावला. घशाशी पोहोचेपर्यंत तो सापच होता. पोटात उतरला तेव्हा त्याचे पाणी झाले होते.

मग त्याने हेमकलेला घोट घोट पाजले. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि राजा ढसाढसा रडला, घामाघूम झाला, बोलायला गेला तर तोंडातून लाळ सांडली. साळुंकी पिंपळपानावरून तीन थेंब घेऊन डोंगराकडे उडाली. कालजंघाने शाप धुऊन टाकला आणि साप सगळ्या पाण्यांतून नाहीसा झाला.

राजा तुरुंगाकडे गेला. दार त्याने स्वतः उघडले आणि रुद्राप्पापुढे तांब्या धरला. तो तहानेला होता, तरी त्याने आत वाकून पाहिले, वास घेतला आणि तांब्या हलकेच मागे सारला.

"आधी तुम्ही, महाराज."

राजा मुकाट्याने प्यायला. मग रुद्राप्पा प्यायला, मग सगळे राज्य प्यायले. ऐकणाऱ्यांनीही आता उठून घोटभर प्यावे.