कवचातली मोकळी जागा

त्या राज्यात घडून गेलेली कोणतीही गोष्ट वाया जात नसे; तिचा खडा होई आणि ज्याच्या बाबतीत ती घडली त्याच्या कवचात जाऊन बसे. राज्य कासवांचं होतं. जमिनीवरची कासवं ती. राहत तळ्याकाठी, पण पोहणं त्यांना ठाऊक नव्हतं. खडा कानाशी धरला की घडलेलं सगळं जसंच्या तसं पुन्हा ऐकू येई आणि डोळ्यांपुढे दिसे. नुसत्या बोलण्याचा खडा हरभऱ्याएवढा असे, एखाद्या देखाव्याचा बोराएवढा, आणि ज्या प्रसंगात पुष्कळ धावपळ, पुष्कळ गलका, त्याचा खडा नारळाएवढासुद्धा भरे.

खडे टाकायचे नाहीत असा काही कायदा नव्हता, पण टाकत कुणीच नव्हतं. ज्याच्या कवचात खडे जास्त तो जड, जो जड तो सावकाश, आणि जो सावकाश तो मानाचा, अशी तिथली समजूत होती. तळ्याकाठच्या उंबराखाली सभा भरे, तेव्हा मधल्या सपाट शिळेवरची जागा सगळ्यात शेवटी पोचणाऱ्यासाठी राखलेली असे. त्यामुळे सभेच्या दिवशी तरुण मंडळीही वाटेत उगाच पानं चघळत रेंगाळत. कासवं मुळात काही इतकी हळू चालणारी नव्हेत, हे जाणत्यांना आठवत होतं. पण ते बोलून दाखवणं असभ्य मानलं जाई.

शिळेवरची ती जागा कित्येक वर्षं येसूआत्याची होती. सगळं राज्यच तिला आत्या म्हणे. तिच्या कवचात काय नव्हतं? तळ्यावरच्या एकाच मावळतीचे एकसारखे दिसणारे ढीगभर खडे होते. त्यातला बरा कोणता ते निवडायचं राहून गेलं होतं. सभेतल्या एका भाषणाचा कच्चा खडा होता, पक्का होता, पक्क्यानंतर सुधारलेला होता, आणि ‘आता हा शेवटचा’ असं स्वतःला बजावून ठेवलेले आणखी दोन-तीन होते. सणासुदीला लोकांनी पाठवलेल्या शुभेच्छांचे खडे तर तिने कधी कानाशीही धरले नव्हते. यातलं काही काढायचं का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे, “राहू दे. कधीतरी लागेल.”

पण या पसाऱ्याच्या तळाशी एक खडा असा होता की त्याच्यापुढे बाकीचे खरोखरच किरकोळ होते. फार पूर्वी हे राज्य खिंडीपलीकडे होतं. तिथलं पाणी आटलं, तरी म्हातारी मंडळी म्हणत होती की वाट पाहू. तेव्हा कोवळ्या वयाची येसू उठली आणि एकटीच खिंडीच्या दिशेने चालू लागली. थोड्या वेळाने तिच्या मागे एक कासव निघालं, मग चार निघाली, मग सगळं राज्य निघालं. त्या चालीचा तो खडा. राज्यात पिल्लू जन्माला आलं की त्याच्या कानाशी सर्वांत आधी हा खडा धरायचा, अशी रीत होती. आपण कुठून आलो हे कळण्याचं दुसरं साधन त्यांच्याकडे नव्हतं. त्या खड्याचा येसूआत्याला अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता.

मात्र एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती आणि कुणी बोलत नव्हतं. आत्याचं डोकं आता कवचात जात नव्हतं.

हे साधं दुखणं नव्हतं. दर उन्हाळ्यात त्या माळावर वणवा येई. वाळल्या गवतावरून आग भरारा पुढे निघून जाई, आणि कासवं तेवढा वेळ डोकं-पाय आत ओढून स्वस्थ पडून राहत. जगण्याचा तेवढा एकच उपाय त्यांना माहीत होता. गेल्या उन्हाळ्यात वणवा पलीकडच्या अंगाने गेला म्हणून आत्या निभावली होती. यंदा गवत दाट होतं.

बोलायचं धाडस शेवटी तिच्या भाचीने, सगुणाने केलं.

“आत्या, एकदा डोकं आत घेऊन दाखव बरं.”

“का? मी काय तमाशा आहे?”

“गवत पाहिलंस का? पार आपल्या डोक्यावर गेलंय.”

“गवत दरवर्षी वाढतं.”

“आणि तूही,” सगुणा म्हणाली.

सगुणा राज्यात थोडी बदनामच होती, कारण ती चटचट चालायची. खिंडीवर एक पांढरा ढग कायमचा अडकून बसला होता, आणि काही दिवसांपासून तिथले बगळे लोकांचे खडे वर नेऊन ठेवू लागले होते. सगुणाने आपले बहुतेक खडे त्यांच्याकडे दिले होते. सभेला ती सगळ्यांच्या आधी पोचे आणि मागच्या रांगेत बसे.

“आपलं ते आपल्या पाठीवर असावं,” आत्या म्हणाली. “ढगाचा काय भरवसा? उद्या उडून गेला तर?”

“ढग उडेल की नाही ते मला माहीत नाही. वणवा येणार, एवढं माहीत आहे.”

आत्याने तोंड फिरवलं. विषय तिथेच संपला असता, पण चारच दिवसांत समोरच्या टेकडीवर धूर दिसला आणि माळावरच्या सगळ्या कासवांनी एकदम अंग आत ओढून घेतलं. क्षणात माळभर नुसती कवचं उरली. त्या सगळ्यांमध्ये येसूआत्या मान आणि पुढचे पाय बाहेर ठेवून एकटी उभी होती. तिने जोर लावला. खडे करकरले, पण डोकं गेलं नाही. धूर दुसरीकडे वळला, माना बाहेर आल्या, आणि प्रत्येकाने आत्याकडे न पाहण्यासाठी काहीतरी कारण शोधलं. त्याचं तिला फार लागलं.

“बोलाव तुझे ते बगळे,” तिने सगुणाला सांगितलं.

बगळ्यांचा मुकादम आला. पांढराशुभ्र, अदबशीर आणि बोलण्यात पटाईत असा तो पक्षी होता.

“आत्याबाई, खडा आम्ही वर ठेवतो आणि त्याच्या जागी कवचात ही गवताची काडी अडकवतो. काडी ओढली की खडा खाली हजर. फक्त वारा हवा; वारा पडला की आम्ही उडत नाही. आणि एक लक्षात असू द्या, काडी टाकायची नाही. काडी टाकली म्हणजे खडा नको, असं वर समजतात.”

आत्या त्या वेळी बाहेर काढलेल्या आपल्या खड्यांच्या ढिगाकडे पाहत होती. नियम ऐकताना सगळेच मान डोलावतात, तशी तिनेही डोलावली.

मावळती गेल्या, भाषणं गेली, शुभेच्छा गेल्या. उरला तळाचा खडा. “हा नाही,” आत्या म्हणाली. तिने डोकं आत घेऊन पाहिलं. ते डोळ्यांपर्यंत जाऊन अडलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडलं. शेवटी तिने तो खडा स्वतः मुकादमाच्या चोचीत दिला आणि तो ढगात दिसेनासा होईपर्यंत मान वर करून पाहत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र निराळंच सुरू झालं. डोकं आत जात होतं. पाय आत जात होते. आत गेल्यावर अंग वळवून बसताही येत होतं. आत्याला या मोकळेपणाची इतकी गोडी लागली की तिला कवचातल्या काड्या खुपू लागल्या. इकडे टोचतात, तिकडे गुदगुल्या करतात. आणि आलंगेलं कुणी पाहिलं तर काय म्हणेल? जन्मभर एक खडा न टाकलेल्या आत्याने एका सकाळी सगळ्या काड्या झाडून बाहेर काढल्या आणि शेजारणीला बोलावून म्हणाली, “बघ आता. कसं लख्ख झालंय.”

त्याच शेजारणीच्या घरी पुढे पिल्लू जन्मलं. रीतीप्रमाणे सगळी मंडळी पिल्लाला घेऊन आत्याकडे आली. वाराही छान सुटला होता. आत्याने काडी ओढण्यासाठी डोकं आत घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

मुकादमाला बोलावणं गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलेलं पुन्हा सांगण्याचा मोह आवरला, हा त्याचा चांगुलपणा.

“टाकलेलं लगेच नाहीसं होत नाही, आत्याबाई. ढगाच्या खालच्या काठाशी पडून राहतं. वारा फिरला की ढग एकदा सगळं झाडून घेतो. मग मात्र आमच्याही हातात काही नाही.”

“मग आत्ता जाऊन घेऊन ये.”

“टाकलेलं आम्ही उचलत नाही. ज्याचं त्याने ढगाखाली यायचं, ओळखायचं आणि मागायचं. नाहीतर कुणीही कुणाचंही मागेल.”

“वारा कधी फिरेल?”

मुकादमाने चोच वर केली. “आजच. उन्हं कलायच्या आत.”

सगळ्यांनी खिंडीकडे पाहिलं. राज्यातल्या मानाच्या चालीने तिथे पोचायला कितीतरी दिवस लागले असते. शेजारीण पिल्लाला पोटाशी धरून रडू लागली.

“मी जाते,” सगुणा म्हणाली. “मी पोचेन.”

“खडा तुझा नाही,” आत्या म्हणाली, आणि वाटेला लागली.

पहिली काही पावलं तिने सवयीने हळू टाकली. मग एक पाय तिला वाटलं त्यापेक्षा बराच पुढे जाऊन पडला. ती थबकली. दुसराही तसाच पडला. मग तिने मागचापुढचा विचार सोडला आणि ती धावू लागली. होय, धावू लागली. शिळेवरच्या जागेची मालकीण, सगळ्या राज्यासमोर, मान ताणून, धूळ उडवत. उंबराखालच्या जुन्या मंडळींनी लाजेने डोळे मिटले आणि मग पाहावंसं वाटून पुन्हा उघडले. ते दृश्य फार देखणं होतं, आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांची छाती भरून आली. सगुणा तर उघडउघड रडत होती.

वाट तीच होती, जिच्यावरून ती एकदा उलट्या दिशेने सगळ्यांना घेऊन आली होती. कुठे वळायचं, कुठल्या दगडाला बगल द्यायची, हे तिला आठवावं लागलं नाही. ती खिंडीत पोचली तेव्हा ढगाच्या खालच्या काठाशी टाकलेल्या खड्यांची रास लोंबत होती आणि मुकादम तिथे उभा होता.

“यातला कोणता, आत्याबाई?”

सगळे खडे ढगात भिजून, फुगून एका रंगाचे आणि एका आकाराचे झाले होते. आत्याने डोळे मिटले.

“ज्यात सुरुवातीला एकटीचीच पावलं वाजतात, तो.”

मुकादमाने कान लावत लावत एक खडा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो कानाशी धरला. एकटीची पावलं, भराभर पडणारी. हा आवाज तिने आत्ताच, वाटभर, ऐकला होता.

“घेऊन जाताय ना?” मुकादमाने विचारलं.

“नाही. वरच ठेवा. आणि काडी द्या. चांगली जाड द्या.”

तिने काडी कवचात अगदी आत खोचली. तेवढ्यात वारा फिरला. ढगाने अंग झाडलं, आणि मावळती, भाषणं, न ऐकलेल्या शुभेच्छा विरून गेल्या. त्यांतली एकही तिला पुढे कधी आठवली नाही. पण फिरलेल्या वाऱ्याबरोबर वासही आला. उतारावरचं गवत पेटलं होतं आणि आग खिंडीकडे वर चढत होती. मुकादम उडाला. आत्याला पंख नव्हते.

तिने पाय आत घेतले. डोकं आत घेतलं. जागा होती. काडीलाही जागा होती. वरून वणवा घोंगावत गेला, आणि आत अंधारात येसूआत्या स्वतःच्या घरात अंग दुमडून बसली होती. त्या अंधारात तिच्याजवळ टपकन काहीतरी पडलं.

वणवा तळ्याकाठावरून निघून गेल्यावर कासवांनी माना बाहेर काढल्या. खिंडीपर्यंतचा सगळा उतार काळा पडला होता आणि त्यावर काही हलत नव्हतं. शिळा मोकळी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगुणा वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मग एकेक करून बाकीचीही तिच्या शेजारी आली. शेजारीण पिल्लाला घेऊन शेवटी आली.

आधी आवाज आला. त्या राज्यात तो पूर्वी कुणी ऐकलेला नव्हता, कारण भरलेल्या कवचात काहीच वाजत नाही. मोकळ्या कवचात एकच नवा खडा इकडून तिकडे टणटणत होता, काळ्या उतारावरून जवळ येत होता, आणि भराभर येत होता. ज्या पिल्लाच्या कानाशी अजून एकही खडा धरलेला नव्हता, त्याने त्या आवाजाच्या दिशेने पहिल्यांदा मान बाहेर काढली.