कोंडाईची वाटी

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, खैरवाडीच्या ओढ्यापलीकडे कोंडाई एकटी राहायची. ती नागिणीवर लेप लावायची. ही नागीण म्हणजे साप नव्हे. बरगडीवर फोडांचा पट्टा उठतो, ती. फोड वाळतात, पण आत शिरा जळत राहतात. नुसता पदर घासला तरी माणूस ओरडतं.

लेप होता मिरचीचा. लवंगी मिरची तेलात उकळून कोंडाई ती वाळल्या कातडीवर चोळायची. आधी आग व्हायची, मग रोज थोडी कमी, आणि शेवटी शिराच थकून गप्प बसायच्या. मिरची तिच्या हातांत इतकी मुरली होती की तिला स्वतःचे डोळेही पुसता यायचे नाहीत, असं म्हणतात. बाया पोरांना दटावायच्या, "तिचा हात लागला तर भाजाल."

गावात दाजीबा वैद्य काढा द्यायचे. येसू कुंभारणीला नागीण झाली तेव्हा तिनेही काढाच घेतला. दुखणं थांबलं, पण झोप अशी लागली की पाळण्यातलं पोर रडून निळं पडलं तरी तिला कळलं नाही. शेजारणीने उचललं म्हणून ते वाचलं. येसू ओढ्याकडे निघाली, तसे दाजीबा मागोमाग आले.

"अगं, पोटात गेल्याशिवाय औषध कसलं? ही बया तुला फोडणी देईल!"

दारातून कोंडाई म्हणाली, "वैद्यबुवा, दुखतंय वीतभर आणि झोपवताय अख्ख्या बाईला!"

एकवीस दिवस तिने येसूला लेप लावला. बाविसाव्या दिवशी येसू पुन्हा मातीला बसली. "पोराला दाखवायला आणते हं, कोंडाई," असं सांगून गेली होती. आली नाही. त्या हातांची भीती तिलाही होतीच.

पुढे कोंडाईच्याच पाठीवर नागीण उठली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. फोड वाळले, पण तिथे तिचा हात पोचेना. काढा एकट्याला पिता येतो, लेपाला दुसऱ्याचा हात लागतो. ती लेपाची वाटी उंबऱ्यावर ठेवून वाटेकडे बघत बसली. दाजीबांनी काढा पाठवला, तो तिने परत केला. म्हणाली, "झोपले तर कुणी आलेलं कळायचं नाही."

सात दिवस ती रोज नवा लेप उकळत होती. मिरचीच्या त्या ठसक्याने अख्खं गाव खोकत होतं. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. तरी कुणी गेलं नाही.

आठव्या दिवशी येसू पोराला कडेवर घेऊन गेली. कोंडाई उंबऱ्यावरच टेकून बसली होती, डोळे वाटेकडे. प्राण गेला होता. वाटी मात्र कोमट होती, असं म्हणतात. येसूने तो लेप कोंडाईच्या पाठीला लावला, आणि येसूचा हात जराही भाजला नाही.

त्या जागी अजून मिरची आपोआप उगवते. बाकी लवंगी आभाळाकडे तोंड करते, ही वाटेकडे वळते. मिरचीची तोडणी संपली की एका सकाळी खैरवाडीत चुली लगेच पेटत नाहीत. आधी गावात जे कुणी एकटं राहतं, त्याच्या पाठीला तेल चोळतात. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही.