वैद्याच्या दारातली घंटा

घाटाखालच्या एका गावात कधीकाळी एक वृद्ध वैद्य राहत. त्यांच्या दारात पितळी घंटा टांगलेली होती. ज्याला गरज पडेल त्याने दोरी ओढावी आणि वैद्यांनी हातातले काम टाकून उठावे, असा त्या घराचा रिवाज होता.

त्यांच्या शिष्याला हे भारी खटके. एवढे विद्वान गुरू, आणि कोणीही यावे, घंटा बडवावी! एके दुपारी गुरू जेवायला बसले, तेव्हा त्याने गुपचूप दोरी वर तुळईला गुंडाळून टाकली. आता लोक हात जोडून रीतीने थांबतील, असे मनाशी म्हणत तो दार लोटून ऐटीत बाहेर उभा राहिला.

तेवढ्यात खाणीवर दगड फोडणारी एक बाई धावत आली. कडेवरच्या मुलाला धाप लागली होती, ओठ निळे पडत होते.

"गुरुजी जेवताहेत. चपला काढ आणि ओसरीवर बस," शिष्य म्हणाला.

बाईने वरची दोरी पाहिली. मग अंगणातला दगड उचलून ती दारावर दणादण हाणू लागली. "वैद्यबुवा, उठा! पोराचा जीव चाललाय, आन तुमी दोऱ्या कसल्या बांधून ठिवता?"

वैद्य भरल्या ताटावरून उठून आले. त्यांनी मुलाची छाती शेकली, चाटण दिले, पाठ चोळत बसले. शिष्याला ती घटका सरता सरेना. अखेर श्वास सुरळीत झाला आणि मूल भुकेने रडू लागले.

बाई निघाली, तेव्हा वैद्यांनी तिला हात जोडले.

"तिने आपल्या दारावर दगड हाणला, आणि आपण तिलाच नमस्कार करता?" शिष्याने विचारले.

"बाळा, चाळीस वर्षांपूर्वी हिची आजी अशीच आली होती. हात जोडून मुकाट ओसरीवर बसली. मी जेवलो, वामकुक्षी केली. बाहेर आलो तो मांडीवरचे मूल गार पडलेले. तरी ती म्हणाली, 'बाहेर आलात, उपकार झाले.' माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी घंटा टांगली. घरोघर सांगत फिरलो, औषध हा तुमचा हक्क आहे, दोरी ओढा. लोक दोरी ओढू लागले, पण बिचकतच. आज त्याच घरातली नात माझ्यावर ओरडली. किती अभिमान वाटला म्हणून सांगू!"

शिष्याने चौरंगावर चढून दोरी सोडवली. मग घरातून हातभर सुतळी आणून तिच्या टोकाला बांधली. आता ती लहान मुलाच्याही हाताला लागत होती.