झेपयंत्राच्या पेटीतला घण

माणसं चंद्रावर पोचायच्याही आधी आकाशात यंत्रमानवांची एक वस्ती होती. प्रवासाला त्यांच्याकडे झेपयंत्र होतं. पोचवायला आलेल्यांना 'येतो' म्हणून पेटीत शिरायचं, दार लागायचं आणि क्षणात दुसऱ्या ग्रहावरच्या पेटीतून बाहेर पडायचं.

एकदा खणक्या नावाचा यंत्रमानव असाच पेटीत शिरला. तिकडून निरोप आला, खणक्या पोचला. पण इकडचं दार अडकून उघडंच राहिलं होतं आणि आत खणक्या उभा होता. त्याच्या डोक्यावर उगारलेला भलामोठा घण सगळ्यांना दिसला.

"दार ढकला," झेपयंत्र म्हणालं. "तिकडे हुबेहूब दुसरा घडवलाय. हा उरलेला."

"उरलेला?" खणक्या भडकला. "घरून निघालो तो मी. 'येतो' म्हणालो तो मी. मला चेचायचं आणि वर पोचला म्हणून सांगायचं, लाज नाही वाटत?"

"इतक्या वर्षांत कुणाची तक्रार आली नाही."

"तक्रार करायला कुणाला ठेवलंस?"

मागे रांगेत उभी असलेली ठिणगी नावाची यंत्रमानव बाई संतापून पुढे झाली. तिने खणक्याचा हात धरून त्याला बाहेर ओढलं आणि पेटीला अशी लाथ घातली की घण आतल्या आत निखळून पडला.

मग ती मागे वळली. तिचा नवरा कालच याच यंत्रातून परतला होता. तो आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होता.

"ठिणगे," त्याने हळूच विचारलं, "मी कितवा गं?"